पाचव्याऐवजी दुसरा: एका गिअरपेटीची तपासणी

समस्त दुचाकीस्वार, त्यांचे मेहुणे आणि त्या मेहुण्यांचे वडील यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सातारा जिल्ह्याच्या हद्दीत, लख्ख उन्हात आणि पूर्ण शुद्धीत असताना, प्रस्तुत लेखकाने पाचवा गिअर टाकण्याच्या उद्देशाने दुसरा गिअर टाकला. या घटनेत जीवितहानी झाली नाही. इतर हानीचा शोध दोन जिल्ह्यांत घेण्यात आला. त्या शोधाचा हा वृत्तान्त.

गाडी माझी नव्हती, मेहुण्याची होती. संपत सैन्यात हवालदार. पुण्यात नेमणूक असताना त्यानं ही साडेतीनशे सीसीची धिप्पाड गाडी घेतली, आणि ती अंगात मुरायच्या आत त्याची बदली सरहद्दीवर झाली. तेव्हापासून ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कापडाखाली उभी होती. मी रविवारी कापड काढायचो, फडका मारायचो, उभ्या उभ्या सुरू करायचो आणि तिच्या आरशात स्वतःला बघून पुन्हा झाकून ठेवायचो. आमचे संबंध इतपतच होते.

यंदा संपतला रजा मिळाली ती एका बेतासकट. लग्न झाल्यापासून तो सुरेखाला, म्हणजे त्याच्या बायकोला, समुद्र दाखवणार होता. दर रजेत काहीतरी आडवं यायचं. कधी ऊसतोड, कधी कुणाचं आजारपण, कधी भावकीतलं लग्न. यंदा दोघांनी ठरवलं होतं की तो घरी पोचेल त्याच दुपारी गाडीवर बसायचं आणि आंबा घाट उतरून कोकण गाठायचं. त्यासाठी गाडी आदल्या दिवशी सांगलीकडच्या गावी पोचायला हवी होती. कोण पोचवणार, असा प्रश्न आला तेव्हा मी हात वर केला. बायकोनं तो खाली करायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

"संपत म्हणालाय," निघताना ती म्हणाली, "या गाडीचे गिअर तुमच्या गाडीसारखे नाहीत. पहिला तेवढा खाली. बाकीचे पायानं वर उचलायचे. दाबायचं नाही."

"संपत अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून मी गाडी चालवतोय."

"म्हणूनच सांगतेय."

माझी गाडी म्हणजे शंभर सीसीची, सोशिक. तिचे सगळे गिअर एकामागून एक पंजानं दाबायचे आणि परत यायचं तर टाचेनं. महाराष्ट्रातल्या निम्म्या मध्यमवयीन पुरुषांचा उजवा पाय घरच्या जबाबदारीनं झिजला असेल, पण डावा या एका कामानं घडलाय. पुढे जायचं म्हणजे दाबायचं, हे आमचं एकमेव तत्त्वज्ञान.

गाडीला डाव्या बाजूला संपतनं मिलिटरी थाटाची एक पत्र्याची पेटी बसवून घेतली होती. बायकोनं तिच्यात माहेरसाठी काय काय कोंबलं, वर टॉवेल दाबला आणि कुलूप लावून, त्याची किल्ली गाडीच्या किल्लीलाच अडकवून जुडगा माझ्या हातात दिला. शिवाय वाट वाकडी करून म्हसवडच्या सिद्धनाथाचा प्रसाद तिच्या आईसाठी न्यायचा, अशी आज्ञा झाली.

शिरवळ

शिरवळला मी न्याहारीला थांबलो. कारखान्यांची पाळी नुकतीच सुटली होती आणि हॉटेलात निळ्या गणवेशातली पोरं मिसळीवर तुटून पडली होती. मी हेल्मेट टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. कुणी बघितलं नाही. तेव्हा मी मालकाला मोठ्यानं विचारलं, "गाडी बाहेर लावलीय, चालेल ना?" मालक म्हणाला, "म्हशी बी तितंच लावत्यात."

तरीही निघताना माझी छाती नेहमीपेक्षा बरीच पुढे होती. शिरवळ सुटल्यावर रस्ता मोकळा मिळाला. पुढे ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस इतका रचलेला की एखादं शेतच नेसत्या कपड्यानिशी गाव सोडून चाललंय असं वाटावं. मी चौथ्या गिअरमध्ये, काटा ऐंशीवर. ट्रॅक्टरला मागं टाकताना मनात म्हटलं, आता पाचवा, आणि जुन्या सवयीनं पंजा ऐटीत खाली दाबला.

चौथ्याचा तिसरा झाला. इंजिन किंचाळलं. माझ्या स्वतःच्या गाडीवर असं झालं की त्याचा अर्थ एकच असतो: गिअर नीट पडला नाही, आणखी दाबा. मी आणखी दाबला.

पुढचा भाग मी नाट्यमय करू शकतो, पण तो होताच. मागचं चाक रस्त्यावर फरफटलं, गाडी कुणीतरी शेपटी धरून ओढल्यासारखी मागं खेचली गेली, पेटी धाडकन वाजली, हेल्मेट नाकावर आलं आणि मी आयुष्यात प्रथमच हँडलला मिठी मारली. क्लच दाबून कशीबशी कडेला थांबलो. मघाचा ट्रॅक्टर सावकाश शेजारून आला. चालकानं गुलाबी मफलरातून माझ्याकडे बघितलं.

"काय वो काका, गाडीच्या अंगात आलं व्हय?"

मी हसलो. तो हसला नाही. पुन्हा गाडी सुरू केली, तिचा आवाज नेहमीसारखाच होता. निघालो, आणि मग ऐकू आलं: कट. कट. कटकट. थांबलो की बंद, चाललो की सुरू.

खंडाळा

हे खंडाळा म्हणजे धुक्याचं आणि चिक्कीचं नव्हे. हे तालुक्याचं खंडाळा. इथं माणसं हवा खायला येत नाहीत, दाखले काढायला येतात. मी चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाला सैन्यातून निवृत्त झालेला ड्रायव्हर निघाला. सगळे त्याला फौजी म्हणत होते. या भागात चार माणसांत एक फौजी असतो आणि चौघांनाही इंजिनातलं कळतं.

"जरा चालवून दाखवा," फौजी म्हणाला. मी टपरीपुढून एकदा गेलो, एकदा आलो. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"गिअरपेटीतला दात गेला आसंल," तो म्हणाला. "दात गेला की आदी कटकट. मग खडखड. मग एकदम लॉक."

"लॉक म्हणजे?"

"म्हंजे चाक जाम. घाटात झालं तर रस्ता वळतो आन् मानूस सरळ जातो." त्यानं माझ्यापुढं चहा ठेवला. "साखर कमी का जादा?"

आंबा घाट माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पुढं संपत, मागं सुरेखा, मांडीवर भाकरीचं गाठोडं. तोवर हा सगळा प्रकार मी पुण्यात मित्रांना कसा रंगवून सांगायचा, याचा विचार करत होतो. तो विचार चहाबरोबर खाली गेला.

सातारा

खंबाटकीचा घाट मी रस्ता बांधणाऱ्यांच्या वेगानं चढलो. मागून येणाऱ्या एसटीनं मला हॉर्न दिला नाही. चालकानं बहुधा अंत्ययात्रा समजून मान राखला.

साताऱ्यातल्या गॅरेजवाल्यानं गाडी फिरवून आणली आणि डॉक्टर चष्मा काढतात तसा हातमोजा काढला.

"आवाज हाय. उघडावं लागंल."

"आजच्या आज?"

"उघडीन आज. पार्ट लागला तर पुण्यावरनं यायचा. तीन-चार दिस तरी धरा."

संपत उद्या सकाळी मिरजेला उतरणार होता. त्याला फोन लावला. तो रेल्वेत, रेल्वे रेंजबाहेर. मग बायकोला लावला आणि सगळं सांगितलं.

"किती वेळा दाबलात?"

"दोनदा."

"एकदा चुकलं ते समजू शकते," ती म्हणाली. "हळू जा. आणि घरी गेल्यावर खरं सांगा. नाटक नको."

मी कंदी पेढे घेतले आणि गॅरेजच्या पायरीवर बसून खाल्ले. दुःखात पेढे खाऊ नयेत असा काही शास्त्रार्थ नाही. पोटभर खाल्ल्यावर बायकोचं म्हणणं पटलं.

म्हसवड

पुसेगाव, दहिवडी मागं पडत गेलं तसं हिरवं कमी होत गेलं. माणदेशाचा माळ पुण्याच्या माणसाला रिकामा वाटतो. पण तिथं मेंढ्यांचा कळप आडवा आला की कळतं, रिकामं काही नाही; फक्त कुणाला घाई नाही. मेंढक्यानं माझ्यासाठी कळप बाजूला केला नाही. मीच थांबलो. थांबल्यावर कटकटही थांबली आणि मला त्या मेंढ्या फार आवडल्या.

सिद्धनाथाच्या देवळाबाहेर एक म्हातारी नारळ विकत होती. मी दोन घेतले.

"येक देवाला. दुसरा कशाला रं?"

"गाडीपुढं फोडायला."

"नवी हाय व्हय?"

"नवी नाही. घाबरलेली आहे."

तिनं गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे नीट बघितलं. "गाडी, का तू?"

देवापुढं मी हात जोडले, पण गिअरपेटीबद्दल काय मागावं हे सुचेना. दात शाबूत ठेव म्हणालो. देवाचा प्रसाद पायाशेजारच्या पेटीत कसा ठेवायचा, म्हणून गळ्यात पिशवी अडकवली. शेजारच्या खानावळीत बाजरीची भाकरी, ठेचा आणि हुलग्याचं माडगं जेवलो. माडगं पातळ, खमंग, घशातून उतरताना ऊब देणारं. पुण्यात हे बशीत दोन चमचे देतील आणि वर कोथिंबिरीचं एक पान उभं करतील.

कृष्णाकाठ

विट्यापर्यंत माळ, मग द्राक्षांच्या बागा, आणि संध्याकाळी सांगलीच्या अलीकडे ऊस दोन्ही बाजूंनी अंगावर आला. सासरचं गाव लागलं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या या सासरी जावई म्हणजे चालताबोलता कुलाचार आहे. दारात पायावर पाणी, नवा टॉवेल, बसायला घडी न मोडलेली चादर. माझे सासरे आबा वयानं माझ्यापेक्षा कितीतरी मोठे, पण मी बसल्याशिवाय बसत नाहीत. जावयाला 'काय आणलं' असं विचारायचं नाही. जावयाला 'किती दिवस राहणार' असं विचारायचं नाही. आणि जावई चुकला, असं तर मनातसुद्धा म्हणायचं नाही. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की त्यांचे डोळे पाणावतात. मला मात्र त्या संध्याकाळी या रिवाजाचा खरा त्रास कळला.

मी सासूबाईंना प्रसाद दिला, ओसरीवर उभा राहिलो आणि नाटक न करता सांगितलं, "आबा, माझ्या हातून चूक झाली. भलताच गिअर टाकला. गिअरपेटीला मार बसला असेल."

आबांनी तंबाखूची पिशवी खाली ठेवली. "रस्ताच तसला हाय तो," ते म्हणाले.

"रस्ता चांगला होता, आबा. मीच दाबायचा नसताना दाबला."

"गाडीच आगाव हाय ती," सासूबाई आतून म्हणाल्या. "पयल्यापासनं मला न्हाई आवडत."

"दोनदा दाबला."

"दमला आसाल," आबा म्हणाले. "जेवून घ्या."

मग ते तळहातावर सुपारी घेऊन बत्त्यानं फोडत बसले. त्यांच्या जुन्या अडकित्त्याची खीळ मोडून बरेच दिवस झाले होते. सुपारी ओसरीभर उडत होती. गुन्हा कबूल करूनही पोलीस अटक करायला तयार नाहीत, अशा आरोपीसारखा मी पुरणपोळीपुढं बसलो.

वाढताना सुरेखा हळूच म्हणाली, "दाजी, खरं सांगा. उद्या जाऊ का नको?" दारामागे तिची पिशवी भरून ठेवलेली दिसत होती. वर एक नवी कोरी उन्हाची टोपी होती, लेबलासकट.

"सकाळी मिस्त्री बोलवू," मी म्हणालो.

सलीम मिस्त्री सकाळी आला तो डोळ्यांत सुरमा घालून, धुतलेल्या शर्टात आणि मागं सहा-सात प्रेक्षक घेऊन. हा आपल्या जातीचा माणूस, हे मी लगेच ओळखलं. त्यानं अंगणाच्या मधोमध गाडी लावली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्याकडे वळला. इथं त्याची पंचाईत झाली. मी नुसता घरचा जावई नव्हतो, गावचा जावई होतो.

"आता समजा," तो आभाळाकडे बघत म्हणाला, "येखाद्या मानसानं चुकून गिअर खाली टाकला. नाव कुनाचं न्हाई घेत मी. तर त्या मानसानं कितव्यातनं कितव्यात टाकला आसंल?"

"चौथ्यातून तिसऱ्यात," मी म्हणालो. "मग त्या माणसाला वाटलं, पडला नाही. म्हणून दुसऱ्यात."

"आसं का वाटलं आसंल त्याला?"

"त्याच्या घरच्या गाडीचे सगळे गिअर खाली आहेत."

"मग त्याचा काय दोष न्हाई," सलीम म्हणाला. प्रेक्षकांनी माना डोलावल्या. "काटा कितीवर व्हता त्या मानसाचा?"

"ऐंशीवर."

सलीमनं गाडीच्या काट्याकडे बघितलं. "धाडशी दिसतोय."

मग त्यानं कामाला हात घातला. गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि इंजिन बंद ठेवून मागचं चाक हातानं फिरवत एकेक गिअर टाकून बघितला. कुठं अडखळतंय का, कुठं मोकळा सुटतोय का. मग इंजिन तापवलं. या गाडीत इंजिन आणि गिअर एकाच तेलात पोहतात. दात मोडला तर त्याचा तुकडा त्याच तेलात उतरणार. तेल गरम असतानाच काढायचं, म्हणजे तळाचा गाळही बरोबर येतो.

"भांडं पायजे," तो म्हणाला. "पसरट. चकचकीत. ओरखडा नसलेलं."

घरात ओरखडा नसलेलं पसरट भांडं एकच होतं. ते वर्षातून दोनदा फडताळातून निघायचं, आणि त्यात मीच जेवायचो. सुरेखानं ते कुणाला न विचारता आणून सलीमपुढं ठेवलं. सासूबाईंचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला.

काळं, वाफाळतं तेल मलमलीच्या फडक्यातून जावयाच्या ताटात गळलं. सलीमनं जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यात फिरवलं. मग ताट उन्हात तिरपं धरून तो इतका वेळ बघत राहिला की अंगणात कुणी खोकलं नाही. सुरेखा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

शेवटी त्यानं चुंबकावरचा गाळ चिमटीत चोळला. "तुकडा आसता तर टोचला आसता. ही निस्ती काजळी हाय. समद्या गाड्यांत आसती. माज्या डोळ्यांत बी हाय."

सुरेखा हसली. नवं तेल भरलं, आणि सलीम गावाबाहेर गाडी ताणायला गेला. प्रत्येक गिअरमध्ये पिळून, मग एकदम सोडून, गिअर सुटतो का ते बघून आला. उतरताना मात्र त्याचा चेहरा पडला होता.

"गिअर येक नंबर. येक बी सुटत न्हाई."

"मग?"

"कटकट हाय. कशाची, ते न्हाई कळत." त्यानं मान खाली घातली. "गाडीचा सवभाव आसंल."

घाट उतरणाऱ्या माणसाला स्वभावावर सोडता येत नाही. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि संपत उतरला. अंगण, माणसं, मधोमध उभी गाडी, आणि जावयाच्या ताटात त्याच्या गाडीचं तेल. हे सगळं त्यानं बघितलं. मग माझ्या पाया पडला.

"प्रवास बरा झाला का, दाजी?"

मी सगळं सांगितलं, यावेळी 'एखादा माणूस' न आणता. त्यानं ऐकून घेतलं, गाडी गल्लीत एकदा फिरवली, आवाज ऐकला आणि किल्ली काढली.

"पुढच्या रजंला जाऊ," तो सुरेखाला म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला.

ती आत गेली, भाकरीचं गाठोडं घेऊन बाहेर आली आणि संपतपुढं हात केला. "किल्ली द्या. पेटीत भाकरी बसत्यात का, तेवढं बघून ठिवते. पुढच्या रजंला तेवढं तरी ठावं आसंल."

तिनं पेटीचं कुलूप काढलं, आणि त्या पेटीची मला कालपासून प्रथमच आठवण झाली. टॉवेल एका कोपऱ्यात घसरला होता. साड्या, चिवड्याची पिशवी, आणि पत्र्याला लागून, कागदी वेष्टन फाडून बाहेर आलेला एक जाडजूड पितळी अडकित्ता. बायकोनं आबांसाठी घेतलेला. दोन्ही पाती उघडी, सैल, आतल्या पत्र्यावर ठोक्यांचे चकचकीत डाग. जावयाला 'काय आणलं' विचारायचं नाही, म्हणून रात्रभर कुणी पेटीकडे बोट केलं नव्हतं. आणि मला विचारल्याशिवाय आठवत नाही.

सुरेखानं अडकित्ता उचलला आणि मिटला. कट. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. कट.

सलीम मिस्त्री हळूच म्हणाला, "ह्योच तो."

संपत देवळापर्यंत जाऊन आला. गाडी मांजरासारखी चालत होती. मग भाकऱ्या पेटीत गेल्या, उन्हाची टोपी लेबलासकट सुरेखाच्या डोक्यावर गेली, आणि दोघं आंबा घाटाच्या वाटेला लागली. वळणावर तिनं मागं बघून हात केला. बहुधा मलाच.

अंगणात आम्ही उरलो. सासूबाई ताट राखेनं घासत होत्या, चौथ्यांदा. आबा ओसरीवर बसले होते, मी बसल्यानंतर. त्यांनी नव्या अडकित्त्यात सुपारी धरली, कातरली, तोंडात टाकली. लग्न झाल्यापासून 'जेवून घ्या' आणि 'घ्या की अजून' यांखेरीज एक आग्रही शब्द त्यांनी मला उद्देशून काढला नव्हता. त्यांनी ताटाकडे बघितलं, अडकित्त्याकडे बघितलं, वळणावरच्या धुळीकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून ते निघूनच गेलं:

"जावईबापू, पुढच्या खेपंला तुमी आपलं एस्टीनं या."